अनुदानातला सल्लागार घ्यावा का? शिरोलीच्या एका मशीन शॉपचं प्रकरण

"ओटीपी तेवढा सांगा मॅडम, बाकी सगळं आम्ही बघतो."

सल्लागाराकडून आलेला माणूस हे बोलला दाजींकडे बघत, पण मोबाइल ताईच्या हातात होता. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) तिच्या नावावर आहे. ताईने स्क्रीनवरचे सहा आकडे बघितले, मोबाइल पालथा घालून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाकी सगळं म्हणजे काय काय?" त्याच्याकडे नीट उत्तर नव्हतं. फाइल तयार करू, फोटो चढवू, प्रमाणपत्र आणून देऊ, एवढंच तो सांगत राहिला. ताईने ओटीपी दिला नाही. दाजी नाराज झाले आणि खरं सांगायचं तर मीही झालो, कारण त्या माणसाला तिथवर मीच आणलं होतं.

मी हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करतो. छोट्या कारखानदारांची कागदपत्रं रोज हाताखालून जातात, त्यामुळे अनुदान दिसलं की अर्ज करायचा, ही सवयच लागली आहे. त्यानंतरच्या काही महिन्यांत ताईने जे केलं त्याने ती सवय मोडली. तिच्या परवानगीने ते सगळं आकड्यांसह मांडतो आहे. युनिटचं नाव देत नाही.

युनिट

शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड. दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन), एक जुनं रेडियल ड्रिल. दोन पाळ्या मिळून सात कामगार. आसपासच्या फाउंड्रींमधून (ओतकामाच्या कारखान्यांतून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, इथे त्याचं मशिनिंग होतं, म्हणजे ते कापून मापात आणलं जातं, आणि माल परत जातो. म्हणजे पूर्ण जॉबवर्क. स्वतःचं उत्पादन नाही, कच्चा माल स्वतःचा नाही. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पट्ट्यात अशी शेकड्याने शॉप आहेत. फाउंड्री जगली की ही जगतात.

दाजी मशीनवर वाढलेले. कानाने ऐकून सांगतात की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलंय. ताई चलन, बिलं, पगार, बँक बघते. कागदोपत्री मालक ती, मशीनवर शब्द दाजींचा, असं बारा वर्षं चाललं आहे.

दाजींची तक्रार अशी: "दोन्ही पाळ्या चालतात, माणसं घाम गाळतात आणि महिनाअखेरीला सीसी अकाउंट तळाला. फाउंड्रीचा माल ब्लोहोलचा येतो, तो आपल्याला खातोय." (सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्जखातं; ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी.) यावर मी सुचवलं होतं की सरकारी योजनेतून सल्लागार घेऊ.

योजनेत काय मिळतं

इथे दोन योजना आहेत आणि बोलताना लोक त्यांची सरमिसळ करतात. झेड, म्हणजे झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट, हे प्रमाणपत्र आहे. एप्रिल २०२२ मध्ये ते नव्या रूपात सुरू झालं. ब्राँझचं शुल्क १०,००० रुपये, सिल्व्हरचं ४०,००० आणि गोल्डचं ९०,०००. त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान. मालक महिला असेल तर हे शुल्क सरकार पूर्ण भरतं. ब्राँझसाठी कुणी शॉपवर येत नाही; फोटो आणि कागद ऑनलाइन तपासले जातात. नुसत्या ओटीपीवर सगळं उरकण्याची भाषा तिथूनच येते.

दुसरी योजना लीनची, म्हणजे कामात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या पद्धतीची. मार्च २०२३ पासून तिच्यात सल्लागाराच्या मार्गदर्शनाचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देतं (आधीच्या योजनेत तो ८० टक्के होता), आणि महिलांच्या उद्योगांना आणखी ५ टक्के. बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला पैसे लागत नाहीत. दोन्ही योजनांसाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्या नोंदणीचे दोन-तीन हजार मोजलेले लोक माझ्याकडे अजूनही येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

म्हणजे ताईसाठी हिशेब सोपा होता. प्रमाणपत्र फुकट, सल्ला पाच टक्क्यांत. दाजी म्हणाले, "पाव्हणं, एवढं मिळतंय तर सोडायचं कशाला?" माझंही तेच मत होतं.

ताईने एकच विचारलं. "शंभर टक्के पैसे आपले असते, तर आपण कशासाठी बोलावलं असतं त्याला? ते आधी सांग." मला सांगता आलं नाही. दाजींनी ब्लोहोलचं नाव घेतलं. ताई म्हणाली, "मग आधी मोजू."

तीन आठवड्यांची वही

दोनशे पानी लांब वही आणि मशीनला दोरीने बांधलेलं बॉलपेन, बस्स. प्रत्येक पाळीला ऑपरेटरने लिहायचं: मशीन कधी थांबलं, कशासाठी थांबलं, पुन्हा कधी सुरू झालं. रिजेक्ट नगांसाठी एकाऐवजी दोन लाल क्रेट ठेवले, एक कास्टिंगच्या दोषाचा आणि एक आपल्या चुकीचा. पहिले तीन दिवस वहीत काही नव्हतं, कारण आपली चूक लिहून ठेवली तर पगार कापतील अशी पोरांना भीती होती. चौथ्या दिवशी ताई स्वतः रात्रपाळीला जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की या वहीवरून कुणाचा एक रुपया कापला जाणार नाही. त्यानंतर वही भरायला लागली. ते तीन दिवस सोडून पुढचे अठरा दिवस धरले.

व्हीएमसीला अठरा दिवसांत जेवणाच्या सुट्ट्या वजा जाता २७० तास मिळाले. त्यात टूल प्रत्यक्ष लोखंड कापत होतं १३९ तास. ५२ तास सेटिंगमध्ये, म्हणजे एका जॉबनंतर दुसऱ्या जॉबसाठी मशीन तयार करण्यात, गेले. ४१ तास कास्टिंगची किंवा तपासणीची वाट बघण्यात. इन्सर्ट नाही किंवा प्रोग्राम सापडत नाही म्हणून १४, माणूस आला नाही म्हणून १३, आणि वीज किंवा बिघाडामुळे ११.

दाजींनी १३९ हा आकडा दोनदा वाचला. मशीन दिवसभर घरघरतं म्हणजे चालतंय, असं त्यांनी धरलं होतं.

पण खरा धक्का क्रेटने दिला. व्हीएमसीवरून गेलेल्या ३,१४० नगांपैकी १८७ बाद झाले. त्यात १२८ कास्टिंगच्या दोषाचे, ५९ आपल्या चुकीचे. दाजी म्हणाले, "बगा, मी म्हणत होतोच." ताईने कॅल्क्युलेटर ओढला. ब्लोहोलचा नग बाद झाला की आपल्या मशिनिंगचे सरासरी ६२ रुपये बुडतात, कारण फाउंड्रीने ते द्यायचे नाहीत अशी तोंडी पद्धत पडली आहे. १२८ नगांचे झाले ७,९३६ रुपये. आपल्या चुकीने नग बाद झाला तर मशिनिंग बुडतंच, शिवाय फाउंड्री कास्टिंगचे सरासरी ३०० रुपये डेबिट टाकते. ५९ नगांचे झाले २१,३५८. नग निम्म्याहून कमी आणि नुकसान जवळजवळ पावणेतीनपट. ब्लोहोलची चीड येते, कारण ते दुसऱ्याचं पाप आपल्या टेबलावर उघडं पडतं. आपल्या चुकीचा नग आपण गुपचूप क्रेटमध्ये सरकवतो. बारा वर्षं हा हिशेब असाच झाकलेला राहिला होता.

त्या ५९ पैकी ३४ नग सेटिंगनंतरचे पहिले एक-दोन होते. अठरा दिवसांत २३ सेटिंग झाली होती, प्रत्येकाला सरासरी सव्वादोन तास लागले होते. लॉट लहान झालेत, फाउंड्री आज हा जॉब उद्या तो असं मागते, त्यामुळे सेटिंग कमी करणं आपल्या हातात नाही. मशीनचे ५२ तास आणि या ३४ नगांचे १२,३०८ रुपये, दोन्ही एकाच ठिकाणी गळत होते.

जे सल्लागाराचं काम नव्हतं

त्याच आठवड्यात मी येणी काढली. दोन गिऱ्हाइकांकडे मिळून ७ लाख ८० हजार रुपये ४५ दिवस उलटूनही अडकलेले. ताईच्या सीसीचा दर ११ टक्के, म्हणजे महिन्याला सात हजारांवर व्याज आपण त्यांच्यासाठी भरत होतो. सीसी तळाला जाण्याचं मोठं कारण हे होतं आणि लीनचा कुठलाही सल्लागार त्याला हात लावू शकत नाही.

कायदा इथे छोट्या माणसाच्या बाजूने आहे, पण वापरायला धीर लागतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या ४३ब(एच) कलमामुळे मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही बाकी असलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं. जॉबवर्क करणारा मात्र मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करताना दहादा विचार करतो, आणि त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. ताईने तक्रार केली नाही. दोघांनाही साधं पत्र पाठवलं: बिलांची यादी, तारखा, उद्यम क्रमांक आणि शेवटी कलमाचा एका ओळीत उल्लेख. एकाने तीन आठवड्यांत ४ लाख १० हजार दिले. दुसऱ्याने थोडे दिले आणि पुढच्या महिन्यापासून काम निम्म्यावर आणलं. तो फटका अजून पुरता भरून निघालेला नाही.

स्वतः किती जमतं

सल्लागाराचा विषय ताईने महिनाभर बाजूला ठेवला. सेटिंगमधलं जेवढं आपल्याला दिसतंय तेवढं आधी आपण करू, उरेल त्याला बाहेरचा माणूस, असं तिने ठरवलं.

सेटिंग कमी करण्याच्या या विद्येचं मूळ जपानात आहे. १९५० मध्ये शिगेओ शिंगो हे हिरोशिमाच्या तोयो कोग्योत (आजची माझदा) प्रेसचं काम बघत होते. डाय (प्रेसचा साचा) बदलताना एक बोल्ट सापडेना आणि तो शोधण्यात कामगाराचा तासाहून जास्त वेळ गेला. मशीन बंद ठेवूनच करावं लागतं ते काम वेगळं आणि मशीन चालू असताना आधी करून ठेवता येतं ते वेगळं, ही फोड त्यांना तिथे सुचली. १९६९ मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. व्हीएमसी म्हणजे प्रेस नव्हे, पण ती फोड तशीच लागू पडते.

दाजींनी एक पूर्ण सेटिंग मोबाइलवर चित्रित केलं. रात्री जेवणानंतर आम्ही तिघांनी ते बघितलं. सेटर व्हीएमसीपासून टूल क्रिबपर्यंत (टूल ठेवायच्या जागेपर्यंत) अकरा वेळा गेला. एकदा अ‍ॅलन की साठी, एकदा प्लग गेजसाठी (भोकाचं माप तपासायचं साधन). गेज होता दुसऱ्या पाळीच्या कपाटात आणि त्या कपाटाला कुलूप. मशीनचा दरवाजा उघडा आणि स्पिंडल थंड. दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भंगारातून एक ट्रॉली आणून त्यांनी स्वतः वेल्डिंग मारलं. प्रत्येक जॉबचे क्लॅम्प, टूल, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रेमध्ये, आणि आधीचा लॉट चालू असतानाच पुढचा ट्रे ट्रॉलीवर तयार. कुलूप काढून टाकलं.

महिनाभरात सव्वादोन तासांचं सेटिंग एक तास पस्तीस मिनिटांवर आलं. खर्च ट्रॉलीच्या चाकांचा. बाद होणारे पहिले नग ३४ वरून २६ वर आले आणि तिथे अडकले. फिक्श्चरवर (मशीनवर नग पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर) कास्टिंग दर वेळी थोडं वेगळं बसत होतं आणि त्याचं काय करावं हे दाजींना कळत नव्हतं.

बाहेरच्या माणसाची गरज आता खरी होती आणि ती एका ओळीत सांगता येत होती.

निर्णय

ताईने तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवल्या. ब्राँझचं प्रमाणपत्र स्वतः करायचं, कारण त्याला शुल्क नाही आणि मोठं गिऱ्हाईक विचारतं. ते काम मी आणि तिने दोन रविवारी केलं. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला आणि तिनेच टाकला. लीनचा सल्लागार घ्यायचा, पण दुसरा. आणि सुरुवात पावसाळ्यानंतर.

ही शेवटची अट बाहेरच्याला विचित्र वाटेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. तेव्हा कास्टिंगही आलं नव्हतं आणि पंचगंगेपलीकडची पोरंही. काही महिन्यांचा कार्यक्रम जुलैत सुरू करायचा, मधेच शॉप बंद पडायचं आणि अहवालाची तारीख आली म्हणून घाईने काहीतरी लिहून द्यायचं, हे तिला नको होतं. अनुदानाचा पैसा टप्पे पूर्ण झाल्याचे अहवाल चढल्यावर सुटतो. सल्लागाराचं लक्ष साहजिकच त्या टप्प्यांकडे असतं; तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, त्याचं पोट तिथे असतं म्हणून. आपण पाच टक्के देणारे असलो तर आपला आग्रहही पाच टक्क्यांचाच उरतो, हा धोका मला आधी दिसलाच नव्हता.

आपल्या बाजूचा खरा खर्चही तिने मांडला. आठवड्यातून तीन तास व्हीएमसी चाचणीसाठी थांबणार. तासाला ४०० रुपयांनी आठवड्याला १,२०० आणि २४ आठवडे धरले तर २८,८००. शिवाय सेटरचा वेळ, तिचा वेळ आणि सल्लागाराच्या बिलातला आपला वाटा. समोर फायदा असा: पहिल्या नगांचं मूळ १२,३०८ चं नुकसान निम्मं जरी टळलं, तरी २४ आठवड्यांत ४९ हजार. मोकळ्या झालेल्या मशीन तासांची किंमत तिने मुद्दाम शून्य धरली, कारण एका गिऱ्हाइकाने काम कमी केल्यावर ते तास भरायला जॉब कुठे होते? बऱ्याच प्रकल्प अहवालांत हे तास पूर्ण विकले गेले असं धरतात. मीही तेच धरलं असतं.

दुसरे सल्लागार निवृत्त क्वालिटी इंजिनिअर. ताईने त्यांना फोनवर विचारलं, "सर, रात्रपाळीचं सेटिंग बघायला याल का?" पहिल्या माणसाला हेच विचारल्यावर तो म्हणाला होता की तशी गरज पडत नाही. हे म्हणाले, "किती वाजता सुरू होतं?" काय मोजायचं तेही तिने आधीच लिहून दिलं: सेटिंगची मिनिटं आणि बाद झालेले पहिले नग. वहीचे आकडे तिचे आणि वही शॉपमध्येच राहणार.

पहिली भेट

दिवाळीनंतर ते संध्याकाळी साडेसातला आले. बूट घातलेले, फाइल नाही. सेटिंग सुरू झालं, ते बाजूला उभे राहिले आणि पाऊण तास काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "कास्टिंग ठेवल्यावर डाव्या हाताने दाबून का धरता?"

दाजी उत्तर द्यायला लागले. ताई म्हणाली, "अहो, त्याला सांगू द्या."

सेटरने टेबलावरचा खडू घेतला आणि जमिनीवर फिक्श्चर काढलं. दोन लोकेटिंग पिन (नग नेमक्या जागी बसवणाऱ्या), त्यातली एक झिजलेली, शिवाय चुकीच्या जागी. ती बसते कास्टिंगच्या पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ), जिथे फेटलिंग, म्हणजे घासून साफ करणं, कधी जास्त होतं कधी कमी. त्यामुळे नग जरासा फिरून बसतो. तो हाताने रेटून सरळ करतो, पण पहिल्या नगाला अंदाज यायला वेळ लागतो. "दाजींना मी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं," तो म्हणाला. दाजींनी मान हलवली. सांगितलं होतं. नव्या फिक्श्चरचे अठरा हजार सांगितले होते उद्यमनगरातल्या टूलरूमने, आणि त्या महिन्यात सीसीमध्ये पगारापुरतेही नव्हते. सध्या चालवून घे, असं दाजीच म्हणाले होते.

सल्लागारांनी पिनची जागा बदलून मशिनिंग झालेल्या बोअरवर (भोकावर) घ्यायला सांगितली आणि दोनपैकी एक पिन चपटी करायला, म्हणजे नग अडकणार नाही. सांगायचं काम अर्ध्या तासाचं, पण ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. तसं नवं फिक्श्चर करून घेतलं; त्याचे पैसे अनुदानात नव्हते. ते त्या ४ लाख १० हजारांतून गेले, पत्र पाठवून आलेल्या.

नव्या फिक्श्चरवरच्या पहिल्या तीन आठवड्यांत २१ सेटिंग झाली आणि पहिले बाद नग ७. पुढच्या भेटीसाठी ताईने वहीच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी लिहून ठेवल्यात: तपासणीची वाट बघण्यात जाणारे तास, आणि ब्लोहोलचा नग शेवटच्या ऑपरेशनऐवजी पहिल्याच ऑपरेशनला कसा पकडायचा. त्याखाली सेटरने पेन्सिलने तिसरी ओळ घातली आहे: दुसऱ्या फिक्श्चरची पिन.